दाढ काढली, तरी हिरडीवरची गाठ वाढतेय?

यवतमाळ : हिरडीवर गाठ आली की आधी दातावरच संशय जातो. पण माणूस एचआयव्हीसह जगत असेल आणि दाढ काढूनही गाठ वाढत असेल, तर तो ‘प्लाझमाब्लास्टिक लिम्फोमा’ असू शकतो. पांढऱ्या पेशींचा हा कॅन्सर तसा दुर्मिळ, पण काही आठवड्यांतच भराभर वाढणारा. १९९७ मध्ये डॉक्टरांनी तो पहिल्यांदा वेगळा ओळखला, तेव्हा १६ पैकी १५ रुग्णांना एचआयव्ही होता.

गाठ मानेत असेल तर गोंधळ आणखी वाढतो. ताप, रात्री घाम, वजन घटणं, सगळं टीबीसारखंच. आपल्याकडे टीबीही कमी नाही. नुसत्या अंदाजावर टीबीच्या गोळ्या खाल्ल्या तर मोलाचे महिने जातात. गाठीचा तुकडा काढून तपासला, म्हणजे बायोप्सी केली, तरच नक्की कळतं. तुकडा काढल्यानं कॅन्सर पसरतो म्हणतात, त्या भीतीनं बायोप्सी टाळू नका.

एचआयव्हीच्या गोळ्या मात्र मनानं बंद करायच्या नाहीत. केमोथेरपीतही त्या लागतात. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या एआरटी सेंटरवर त्या मोफत मिळतात. गाठही तिथंच दाखवा. गावात नाव फुटेल ही धास्ती असते. पण २०१७ च्या कायद्यानं ही माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. विचारायचं असेल तर १०९७ वर फोन करा, पैसे लागत नाहीत.