परमुलखातील पहिली शाळा : गलाई कुटुंबांच्या संदर्भात एक विवेचन

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांचा पश्चिम भाग कृष्णेच्या पाण्यावर पोसला गेला आहे. पूर्वेकडील माण, खटाव, खानापूर व आटपाडी हे तालुके मात्र पर्जन्यछायेत येतात. पिकाचा भरवसा नसल्याने येथील माणसांना पोटासाठी गाव सोडावे लागले. माण-खटावकडील कित्येक मंडळी मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत व बाजारपेठांत गेली. खानापूर-विटे परिसरातील अनेकांनी मात्र सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा, म्हणजे गलाईचा, व्यवसाय पत्करला आणि तमिळनाडू, केरळ, आंध्र, कर्नाटक यांपासून उत्तर भारतापर्यंतच्या सराफपेठांत आपल्या भट्ट्या मांडल्या. या दोन स्थलांतरांत एक मूलभूत भेद आहे. मुंबईला गेलेल्या कुटुंबाचे गाव बदलले, परंतु शाळेची भाषा बदलली नाही. गलाई कुटुंबाच्या बाबतीत दोन्ही बदलले. त्यामुळे मूल तीन-चार वर्षांचे झाले की त्याला कोणत्या शाळेत घालावे, हा प्रश्न या कुटुंबांपुढे निराळ्याच स्वरूपात उभा राहतो.

प्रथमदर्शनी असे वाटेल की, याचे उत्तर राज्यघटनेतच आहे. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने अंतर्भूत झालेल्या अनुच्छेद 350-अ नुसार भाषिक अल्पसंख्य गटांतील मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षण देण्याची पुरेशी सोय व्हावी, अशी अपेक्षा आहे. तत्पूर्वी 1949 मध्ये प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने यासाठी एक संख्यात्मक कसोटी ठरविली होती : शाळेत त्या भाषेची किमान 40 मुले, अथवा एका वर्गात किमान 10 मुले असावीत. गलाई कुटुंबे नेमकी या कसोटीवर उणी पडतात. मोठी शहरे वगळली तर एका सराफपेठेत मोजक्याच भट्ट्यांना पुरेल एवढे काम असते. म्हणून हा व्यवसाय माणसांना एकत्र न आणता विखरून टाकतो. हैदराबादेत 1907 साली विवेकवर्धिनीसारखी संस्था उभी राहू शकली, कारण तेथे मराठी समाज मोठ्या संख्येने एकवटला होता. एखाद्या पेठेतील दोन-चार घरांच्या बळावर तसे होणे संभवत नाही.

अशा स्थितीत कुटुंबापुढे तीन मार्ग उरतात. मुलाला गावी आजी-आजोबांजवळ ठेवून जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत घालणे, हा पहिला. यात भाषा व लिपी सुरक्षित राहते; परंतु चार-पाच वर्षांच्या वयात आई-वडिलांचा विरह पदरी येतो आणि सणावाराला भेटणारा बाप मुलाला पाहुण्यासारखा वाटू लागतो. दुसरा मार्ग स्थानिक भाषेच्या शाळेचा. ती शाळा जवळ असते व शेजारची मुलेही तेथेच जातात. मात्र वर्गात आरंभी काहीच कळत नाही आणि पुढे गावी परतण्याचा प्रसंग आल्यास सर्व पुन्हा मुळापासून आरंभावे लागते. इंग्रजी माध्यमाचा तिसरा मार्ग अनेकांना निर्धोक वाटतो, कारण इंग्रजी सर्वत्र चालते. परंतु ती भाषा ना घरात ऐकू येते, ना अंगणात. शिवाय तमिळनाडूने 2006 मध्ये, कर्नाटकाने 2015 मध्ये, केरळाने 2017 मध्ये व तेलंगणाने 2018 मध्ये कायदे करून आपापली भाषा शाळांत अनिवार्य केली असल्याने या मार्गानेही स्थानिक भाषा टळत नाही.

येथे भाषाशिक्षणाच्या अभ्यासातील एक निष्कर्ष उपयोगी पडतो. जिम कमिन्स या कॅनडातील अभ्यासकाने 1979 मध्ये संभाषणाची भाषा आणि विद्याभ्यासाची भाषा यांत भेद केला. स्थलांतरित मुले नव्या भाषेत सुमारे दोन वर्षांत सफाईने बोलू लागतात. परंतु त्याच भाषेतून वाचून समजून घेणे, कारणे मांडणे व गणिताचे उदाहरण उलगडणे यांत समवयस्कांच्या बरोबरीला येण्यास त्यांना पाच ते सात वर्षे लागतात, असे त्याने दाखविले. यावरून पालकांची एक नेहमीची गफलत ध्यानात येते. मूल बाजारात तमिळमधून घासाघीस करू लागले की त्याची भाषेची अडचण संपली, असे ते समजतात. वस्तुतः खरी वाटचाल तेव्हा कोठे सुरू झालेली असते. दुसरी पायरी अर्धवट असतानाच शाळा बदलली, तर मूल एकाही भाषेत अभ्यासापुरते समर्थ होत नाही. म्हणजे माध्यम कोणते, यापेक्षा ते मध्येच तुटते की काय, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

स्थानिक भाषेविषयीची भीतीही काहीशी अवाजवी आहे. मराठी व द्राविडी भाषांचा सहवास दीर्घ काळचा आहे. दोहोंत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. मराठीतील ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा भेद तमिळमध्ये ‘नाम्’ आणि ‘नाङ्गळ्’ असा जसाच्या तसा आढळतो; प्रमाण हिंदीत व इंग्रजीत तो नाही. वाक्याची ही घडण मराठी मुलाच्या अंगवळणी आधीच पडलेली असते. अडचण येते ती लिपीची. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चारही ध्वनींना मिळून एकच अक्षर आहे. त्यामुळे देवनागरीशी परिचय झालेले मूल आरंभी गोंधळते. ही अडचण खरी असली तरी काही महिन्यांत ओसरणारी आहे.

बालवाडीच्या वयात तर लिपीचा प्रश्न गौणच मानला पाहिजे. ताराबाई मोडक यांनी 1945 पासून बोर्डी येथे आणि पुढे 1957 पासून कोसबाड येथे जे कार्य केले, त्यातून शाळेनेच मुलाच्या अंगणापर्यंत गेले पाहिजे, हा विचार पुढे आला. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्याचीच खूण होय. या दृष्टीने पाहता परमुलखातील बालवाडी निवडताना इमारत वा माध्यम यांआधी तीन गोष्टी पाहाव्यात : नवी भाषा कानावर पडत असताना मूल काही महिने गप्प राहिले तर शिक्षिका त्यास मंद ठरविते काय, खेळ, गाणी व हातांचे काम यांस तेथे कितपत वाव आहे, आणि ही किंवा हिला जोडून असलेली शाळा मुलास पुढे पाच-सहा वर्षे तरी लाभेल काय.

मातृभाषेचे काय, हा प्रश्न तरीही उरतो. तंजावूरचे राज्य 1855 मध्ये खालसा झाले. त्यानंतरही तेथील मराठी कुटुंबांनी घरातील बोली टिकविली, परंतु लिहिण्या-वाचण्याचा व्यवहार प्रायः तमिळमध्ये गेला. बोली घरात जगते. लिपी मात्र कोणीतरी शिकविल्यावाचून जगत नाही. गलाई कुटुंबांसाठी या उदाहरणाचे महत्त्व व्यावहारिक आहे, कारण त्यांचे गावाशी नाते तुटलेले नाही. लग्नकार्य, यात्रा, शेताचा उतारा, वृद्धांचा सांभाळ ही सारी त्यांना मराठी मुलखाकडे ओढीत असतात. परतणाऱ्या मुलाला शिक्षण हक्क अधिनियम, 2009 प्रमाणे वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. परंतु कायदा जागा देतो, अक्षरे देऊ शकत नाही. त्यातच 2020 च्या अधिनियमाने महाराष्ट्रातील शाळांत मराठी अनिवार्य झाली आहे. सातवीच्या वर्गात बसून बाराखडी गिरविणाऱ्या मुलाची मान खाली जाते, ती बुद्धीच्या अभावामुळे नव्हे.

तात्पर्य, पहिल्या शाळेची निवड ही वस्तुतः कुटुंबाच्या मुक्कामाविषयीची निवड आहे. ज्यांस दोन-तीन वर्षांत परतणे निश्चित आहे, त्यांनी बालवाडी स्थानिक ठेवून पहिलीच्या सुमारास गावी येणे इष्ट. ज्यांचे बिऱ्हाड स्थिरावले आहे, त्यांनी शेजारची भाषा निःशंकपणे स्वीकारावी. मात्र बालभारतीच्या पुस्तकावरून रोज अर्धा तास मराठी वाचन घरी चालू ठेवावे. सर्वांत जाच होतो तो ‘पुढच्या वर्षी गावी जाऊ’ असे दरवर्षी म्हणत मुलास एका शाळेतून दुसऱ्या शाळेत हलविणाऱ्या घरांतील मुलांना. मोठ्यांचा निर्णय लांबतो. मुलाची वर्षे मात्र थांबून राहत नाहीत.