‘बी-सेल लिम्फोमा’ म्हणजे नेमका कोणता?

कोपरीतून लोकलने परळच्या टाटा मेमोरियलला निघालेल्या रुग्णाच्या फाइलवर नुसतं ‘बी-सेल लिम्फोमा’ लिहिलेलं असेल, तर निदान अर्धंच झालंय.

बी-पेशी (बी-सेल) म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी. त्या अस्थिमज्जेत जन्मतात आणि पुढे प्लीहा, लसिकाग्रंथी अशा अवयवांत पक्व होतात. या वाटेवर पेशी कुठे बिघडली, यावर त्यांच्या कर्करोगांच्या वर्गीकरणाचा मोठा भाग उभा आहे. कोवळ्या पेशीतून तीव्र ल्युकेमिया, शेवटच्या टप्प्यातल्या प्लाझ्मा पेशीतून मायलोमा, तर बहुतेक लिम्फोमा मधल्या टप्प्यांतले. कर्करोग रक्तात दिसतो की गाठीत, हे कधीकधी गौण ठरतं: क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया आणि स्मॉल लिम्फोसायटिक लिम्फोमा हा एकच आजार.

फॉलिक्युलर प्रकार संथ. काहींना सुरुवातीला नुसतं निरीक्षण पुरतं. बर्किट झपाट्याने वाढतो, तरी पुष्कळदा पूर्ण बरा होतो. फरक कळतो तो पेशीचं रूप, तिच्यावरची प्रथिनं आणि जनुकीय बदल तपासून. म्हणून डॉक्टरांनी पुन्हा बायोप्सी मागितली तर घरच्यांनी ती टाळू नये, असं मला कळकळीने वाटतं.

पेशीवरची प्रथिनं निदानालाच नाही, उपचारालाही उपयोगी पडतात: आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी विकसित केलेल्या, २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या ‘नेक्सकार१९’ उपचाराचं लक्ष्यही बी-पेशींवरचं सीडी१९ हे प्रथिनच आहे.