साडेतीन लिटरांचा हिशेब

राज्याच्या २०२३ सालच्या माहिती तंत्रज्ञान धोरणात डेटा सेंटरांना दिलेल्या सवलतींचे विवेचन या भागात व्हायचे होते. ते पुढच्या भागावर टाकले आहे, कारण समुद्री केबलींवरील मागील भाग वाचून बीडजवळच्या पाली येथील एका वाचकाने विचारलेला प्रश्न सवलतींच्या आधी सुटणे आवश्यक आहे. केबली मुंबईच्या किनाऱ्याला लागतात म्हणून डेटा सेंटरे ऐरोली, महापे, पनवेल या पट्ट्यात एकवटली हे मान्य केले, तरी तिथे जमिनीचे भाव आभाळाला भिडलेले असताना बीड जिल्ह्यासारख्या स्वस्त जमिनीच्या भागात, उदाहरणार्थ सोलापूर-धुळे महामार्गालगत पालीच्या माळावर, असे एखादे केंद्र का येऊ नये, आणि आलेच तर तिथल्या बिंदुसरा तलावाच्या पाण्याचे काय होईल, असे या वाचकाने विचारले आहे. प्रश्नाचा पहिला अर्धा भाग लवकर संपतो, दुसरा मात्र वरवर दिसतो त्याहून बराच खोल जातो.

अंतराची अडचण जवळपास नाहीच. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, त्यामुळे पाली ते नवी मुंबई हे अंतर तंतूच्या वळणांसह ४०० किलोमीटर धरले तरी एका बाजूचा प्रवास दोन मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागात, आटोपतो. शेअर बाजारातील यांत्रिक खरेदी-विक्री करणाऱ्यांना एवढा विलंबही परवडत नाही आणि म्हणून ते आपली यंत्रे बाजाराच्या इमारतीतच ठेवतात. परंतु बँकेचे खाते, रुग्णालयाच्या नोंदी, चित्रपट किंवा शासकीय दस्तऐवज यांना दोन मिलिसेकंदांनी काहीही फरक पडत नाही. अडचण आहे ती वीज आणि पाणी यांची, आणि या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत हाच या भागाचा विषय आहे.

डेटा सेंटर किती मोठे हे चौरस फुटांत किंवा यंत्रांच्या संख्येत न मोजता मेगावॅटमध्ये मोजले जाते, आणि तो आकडा बहुधा ‘आयटी लोड’चा, म्हणजे प्रत्यक्ष सर्व्हर, साठवण-यंत्रे व जाळ्याची उपकरणे जी वीज घेतात तिचा असतो. भारतातील अशी उभी क्षमता २०१९च्या सुमारास साडेतीनशे मेगावॅटच्या घरात होती, ती २०२४च्या अखेरीस हजार मेगावॅटच्या आसपास पोहोचली आणि तिच्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या मुंबई महानगर प्रदेशाचा राहिला. मागणी का वाढली याची चर्चा तिसऱ्या भागात झाली आहे. देयक व्यवहारांची माहिती भारतातच साठवावी असा रिझर्व्ह बँकेचा ६ एप्रिल २०१८चा आदेश आणि ऑगस्ट २०२३मध्ये महिन्याला १,००० कोटी, तर ऑगस्ट २०२५मध्ये २,००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडणारे यूपीआय यांची आठवण ठेवली तरी पुरे. या वाढीचे कौतुक करताना एक साधी गोष्ट सहसा सांगितली जात नाही, ती अशी की सर्व्हरमध्ये शिरलेली वीज गिरणीतल्या विजेसारखी कोणत्याही वस्तूत रूपांतरित होत नाही. ती अखेरच्या युनिटपर्यंत उष्णता होऊन बाहेर पडते. १ मेगावॅटचे डेटा सेंटर म्हणजे रात्रंदिवस पेटलेली १ मेगावॅटची शेगडीच असते, आणि ती उष्णता इमारतीबाहेर काढून टाकणे हे त्या इमारतीचे माहिती साठवण्याइतकेच मोठे काम असते.

आत गेल्यास ही व्यवस्था डोळ्यांना दिसते. सर्व्हरांची उभी कपाटे, ज्यांना रॅक म्हणतात, समोरासमोर रांगांत मांडलेली असतात; दोन रांगांमधल्या बंदिस्त बोळात थंड हवा सोडली जाते, ती रॅकमधून आरपार जाऊन पलीकडच्या बोळात तापून निघते आणि तिची उष्णता पाण्याच्या नळ्यांत उतरवून गच्चीवरच्या यंत्रणेकडे नेली जाते. साध्या रॅकला सहा ते आठ किलोवॅट वीज लागते. योट्टा कंपनीच्या पनवेल येथील, २०२० साली सुरू झालेल्या पहिल्या इमारतीत अशा ७,२०० रॅकची सोय आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी अलीकडे बनवलेला एकच रॅक १२० किलोवॅटपर्यंत वीज ओढतो, तिथे हवेने काम भागत नाही आणि थंड द्रव थेट चिपपर्यंत न्यावा लागतो. हा द्रव बंद नळ्यांत पुन्हा पुन्हा फिरत असल्याने त्याचा व्यय होत नाही हे खरे. पण एवढ्यावरून ‘बंद चक्र, म्हणजे पाणी लागतच नाही’ असा जो निष्कर्ष जाहिरातींत काढला जातो तो दिशाभूल करणारा आहे, कारण आतल्या चक्राने उचललेली उष्णता बाहेरच्या टप्प्यावर कशाच्या तरी साहाय्याने हवेत सोडावीच लागते, आणि पाण्याचा प्रश्न नेमका त्या बाहेरच्या टप्प्यावर उभा राहतो.

तो टप्पा दोन प्रकारांनी पार पाडता येतो. पहिला प्रकार बीड जिल्ह्यातील प्रत्येक घराला ठाऊक आहे, कारण तो उन्हाळ्यात खिडकीत बसवलेल्या कूलरचा आहे: वाळ्यावरून किंवा गवताच्या जाळीवरून पाणी ओघळते, पंखा त्यातून हवा ओढतो, पाण्याचा काही भाग वाफ होऊन उडतो आणि उडताना उष्णता घेऊन जातो. डेटा सेंटरच्या गच्चीवरचा शीतकरण मनोरा हेच मोठ्या प्रमाणावर करतो. या पद्धतीने किती थंडावा मिळेल हे थर्मामीटरच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून घेतलेल्या तापमानावरून ठरते. मे महिन्यात बीडकडे हवा ४० अंशांची पण जेमतेम २० टक्के आर्द्रतेची असली तर ओल्या फुग्याचे तापमान २२ अंशांच्या आसपास येते. त्याच वेळी मुंबईत हवा ३३ अंशांचीच, मात्र आर्द्रता ७० टक्के असली, तर ओला फुगा २८ अंशांच्या खाली उतरत नाही. कूलर मुंबईत निकामी आणि मराठवाड्यात गुणकारी ठरतो तो याच कारणाने. बाष्पीभवनाच्या शीतकरणाला भौतिकशास्त्राच्या दृष्टीने पालीचा माळ ऐरोलीपेक्षा सरस आहे, आणि ज्या कोरडेपणामुळे तो सरस आहे त्याच कोरडेपणामुळे तिथे पाणी नाही. कोरड्या हवेचा हा पेच जगभर भेटतो, पण त्याची इतकी स्वच्छ मांडणी क्वचितच आढळते.

आता हिशेब. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे दोन तृतीयांश युनिट उष्णता घेतली जाते. १ मेगावॅटची शेगडी चोवीस तासांत २४,००० युनिट उष्णता देते, म्हणून ती केवळ बाष्पीभवनाने घालवायची तर दिवसाला ३६,००० लिटर पाणी उडते. उडणारे पाणी शुद्ध असते आणि त्यातले क्षार मागे उरतात. ते साचून नळ्यांना पुटे धरू नयेत म्हणून मनोऱ्यातले काही पाणी सतत काढून टाकून नवे भरावे लागते, ज्यासाठी ठोकळमानाने आणखी चौथाई पाणी धरावे लागते आणि बोअरच्या जड पाण्यावर ते प्रमाण वाढतेही. अशा प्रकारे मेगावॅटमागे रोजचा आकडा ४५,००० लिटरवर जातो, म्हणजे १२ हजार लिटरचे जवळपास चार टँकर. २०२२च्या अर्थसंकल्पात डेटा सेंटरांना पायाभूत सुविधेचा दर्जा जाहीर झाला, तो मिळण्यासाठी किमान ५ मेगावॅट क्षमता लागते; त्या किमान क्षमतेलाच या रीतीने रोज सव्वादोन लाख लिटर लागतील. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला पोहोचलेल्या पहिल्या पाण्याच्या रेल्वेने दहा वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी आणले होते, ते ११ मेगावॅटच्या केंद्राला एक दिवस पुरले असते.

असा हिशेब मांडला की उद्योगाकडून ठरलेले उत्तर येते: मनोरे वापरूच नका, कोरडे शीतकरण करा. हा दुसरा प्रकार. त्यात गच्चीवरच्या चिलरमध्ये दाबयंत्राच्या जोरावर उष्णता थेट हवेला दिली जाते, पाणी जवळजवळ उडत नाही, मात्र वीज जास्त खर्ची पडते. हा जादा खर्च ‘पीयूई’ नावाच्या गुणोत्तराने मोजतात. संपूर्ण इमारतीने घेतलेल्या विजेला आयटी लोडने भागले की ते मिळते, आणि ते १च्या जितके जवळ तितकी इमारत काटकसरी. उदाहरणापुरते मनोऱ्याच्या इमारतीचे पीयूई १.३ आणि कोरड्या इमारतीचे १.५ धरल्यास, १ मेगावॅट आयटी लोडमागे पहिली दिवसाला ३१,२०० तर दुसरी ३६,००० युनिट वीज घेईल.

ही वीज कुठून येते, असे विचारले की दुसरे खाते उघडते. देशातील सुमारे पाऊण वीज कोळशातून येते, आणि कोळशाच्या वीजकेंद्रालाही आपली वाफ निववण्यासाठी मनोरे असतात. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५मध्ये जुन्या औष्णिक केंद्रांसाठी पाणीवापराची जी कमाल मर्यादा घालून दिली ती मेगावॅट-तासाला साडेतीन घनमीटर, म्हणजेच घरच्या मीटरवरच्या एका युनिटमागे साडेतीन लिटर इतकी आहे. ती धरली, तर कोळशाच्या विजेवर चालणाऱ्या कोरड्या इमारतीच्या नावावर वीजकेंद्राच्या दारात रोज १ लाख २६ हजार लिटर पडतात, मनोऱ्याच्या इमारतीच्या नावावर १ लाख ९ हजार. कोरड्या शीतकरणाने नळाचे ४५ हजार वाचले आणि वीजकेंद्रावर १७ हजार वाढले, तेव्हा बचत झालीच. परंतु सव्वा लाख लिटरांचे मोठे खाते जिथल्या तिथे राहिले आणि ‘पाणी लागत नाही’ असे सांगणाऱ्या फलकावर त्याचा उल्लेख कुठेच आला नाही.

बीड जिल्ह्याला हे दुसरे खाते कुठे लिहिले जाते हे शिकवावे लागत नाही. परळीच्या औष्णिक केंद्रात १९७१ साली ३० मेगावॅटच्या संचाने सुरुवात झाली, पुढे २१० मेगावॅटचे तीन आणि त्यानंतर २५० मेगावॅटचे तीन संच आले. त्याचे पाणी माजलगाव धरणातून आणि गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून येते. फेब्रुवारी २०१३मध्ये पाण्याअभावी हे केंद्र संपूर्ण बंद ठेवावे लागले, आणि २०१५च्या दुष्काळात ते पुन्हा बंद पडले. कोळसा होता, यंत्रे होती, कामगार होते; निववायला पाणी नव्हते. परळीची वीज राज्याच्या ग्रीडमध्ये मिसळते आणि मिसळल्यावर तिच्यावर कुणाचे नाव राहत नाही, त्यामुळे महाप्याच्या अमुक सर्व्हरला परळीचे अमुक पाणी लागले असे दाखवता येणार नाही. तरी चोवीस तास अखंड राहणारा भार वाढला की तो बहुतांशी औष्णिक केंद्रांच्या वाट्याला येतो, आणि ती केंद्रे परळी, चंद्रपूर, कोराडी अशा ठिकाणी आहेत, बांद्रा-कुर्ला संकुलात नाहीत. पालीला डेटा सेंटर आले नाही म्हणून पाण्याचा प्रश्न पालीच्या जिल्ह्यापासून लांब राहिला, ही समजूत म्हणूनच टिकत नाही.

येथे उरुग्वेचे उदाहरण फार उद्बोधक आहे. २०२३मध्ये त्या देशाची राजधानी मोंतेविदेओ दुष्काळाने इतकी गांजली की नळाला खारट पाणी सोडावे लागले, आणि त्याच काळात गुगलच्या नियोजित डेटा सेंटरच्या पाणीवापराविरुद्ध लोक रस्त्यावर आले. पुढे कंपनीने आराखडा लहान करून हवेने थंड होणारी यंत्रणा स्वीकारली. उरुग्वे विजेसाठी कोळसा जाळत नाही, वारा आणि जलविद्युत यांवर त्याचा मुख्य भर आहे, त्यामुळे तिथे गच्चीवरचे पाणी वाचले ते बव्हंशी खरोखरच वाचले. हाच बदल महाराष्ट्रात केला तर त्यातला एक हिस्सा वाचतो आणि उरलेला दुसऱ्या तालुक्यात जातो. शीतकरणाची एकच पद्धत दोन देशांत वेगळे फळ देते, आणि फरक विजेत असतो. तेव्हा डेटा सेंटरला पाणी किती लागेल याआधी त्याची वीज कोणती असेल हे विचारले पाहिजे.

कंपन्या यावर पवन आणि सौर विजेचा दाखला देतात, आणि तो पोकळ नाही. २००५च्या वीज नियमांनुसार एखाद्या प्रकल्पाच्या भांडवलात वापरकर्त्यांनी मिळून किमान २६ टक्के वाटा घेतला आणि वर्षभरातील किमान ५१ टक्के वीज स्वतः वापरली, तर तो त्यांचा स्वतःचा प्रकल्प मानला जातो व त्यांना काही अधिभारांतून सूट मिळते. ‘ग्रुप कॅप्टिव्ह’ म्हणतात ती हीच रचना. बालाघाटच्या पठारावर, पाटोदा-केजच्या बाजूला, ज्या पवनचक्क्या फिरताना दिसतात तशांची वीज या मार्गाने शहरातल्या ग्राहकाला मिळू शकते, आणि तिला पाण्याचा थेंब लागत नाही. गोम वेळापत्रकात आहे. दख्खनच्या पठारावर वारा खरा वाहतो तो जून ते सप्टेंबरमध्ये, सूर्य संध्याकाळी मावळतो, आणि डेटा सेंटरचा भार मात्र पहाटे तीनलाही तोच आणि ऑक्टोबरच्या उष्म्यातही तोच असतो. वर्षाची बेरीज जुळवून ‘शंभर टक्के हरित वीज’ असे लिहिता येते. पण ज्या रात्री वारा पडलेला असतो त्या रात्रीचे युनिट कोळशाचेच असते, साडेतीन लिटरांसकट. साठवणुकीची सोय, मग ती बॅटरीची असो वा उदंचन जलविद्युतीची, या उद्योगाच्या वेगाने वाढल्याशिवाय ही बेरीज कागदावरचीच राहणार. आयर्लंडमध्ये २०२३ साली मोजलेल्या एकूण विजेच्या २१ टक्के वीज डेटा सेंटरांनी वापरली, आणि डब्लिन परिसरात नव्या जोडण्यांवर त्याआधीच निर्बंध आले होते. महाराष्ट्र त्या टक्केवारीपासून बराच दूर असला तरी भार एकाच खाडीकाठी साचण्याची प्रवृत्ती तीच आहे.

तेव्हा पालीच्या वाचकाला उत्तर असे: मोठे केंद्र तिथे येण्याची शक्यता थोडी आहे, कारण दोन स्वतंत्र उपकेंद्रांतून अखंड वीज, अनेक कंपन्यांच्या तंतूवाहिन्या आणि शेजारी मोठे ग्राहक हे तिन्ही एकत्र मिळणे अवघड आहे; आणि आलेच तर ते कोरड्या शीतकरणाचेच असावे, अन्यथा पाऊस चांगला झाला की सांडव्यावरून वाहणारा आणि पावसाने ओढ दिली की तळ दाखवणारा बिंदुसरा तलाव त्याला पुरणार नाही. रोजगाराची आशा मोजकीच धरावी. बांधकामाच्या काळात माणसे बरीच लागतात, चालू झाल्यावर इमारत फारच थोड्या हातांवर चालते. एखाद्या जिल्हा रुग्णालयाच्या, बँकेच्या किंवा विद्यापीठाच्या गरजेपुरते काहीशे किलोवॅटचे छोटे केंद्र बीड किंवा छत्रपती संभाजीनगर येथे असणे मात्र अगदी व्यवहार्य आहे, आणि त्याकडे धोरणकर्त्यांचे लक्ष अजून पुरेसे गेलेले नाही. विद्युत शुल्क आणि मुद्रांक शुल्क यांतल्या सवलती अशा छोट्या केंद्रांना कितपत लागू पडतात, हे पुढील भागात धोरणाच्या मजकुरासह पाहता येईल.