नववीला हो, पाचवीला नको

सकाळी ७ : चहाबरोबर रंगावृत्ती. गावातल्या संस्थेने ‘संगीत एकच प्याला’ बसवलंय. पाचवी ते दहावीच्या मुलांना न्यायचं का, ते मुख्याध्यापकांना आज कळवायचंय. गडकऱ्यांचं मूळ नाटक पाच अंकी, हे दोन अंकी. त्यामुळे काय कापलंय ते आधी पाहते.

९ : पेन्सिलीच्या खुणा. दारू पानोपानी आहे, पण नाटकच तिच्या विरोधातलं, म्हणून तिथे खूण नाही. खुणा तीन : तळीरामाचं पिणाऱ्यांचं आर्यमदिरामंडळ, दारुड्या नायकाच्या, सुधाकरच्या, मारात तान्हं मूल जातं तो प्रवेश, आणि शेवटचा विषाचा प्याला.

११.३० : ऑफ तास. “परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आहे ना, मग झालं!” एक सर म्हणाले. मंडळ संहिता पाहतं. आपला वर्ग आपणच पाहायचा. दुसरे म्हणाले, “मी सातवीत असताना पाहिलंय.” पाहिलंत, पण शेजारी आजोबा होते. इथे साठ मुलांमागे दोन शिक्षक.

दुपारी २ : सहावीत तळीरामाचे दोन-चार संवाद वाचले. हशा पिकला. तास सुटल्यावर व्हरांड्यात तिघेजण झिंगल्याची नक्कल करत निघाले. नववीत तेच संवाद वाचले, तर हसू लवकर ओसरलं. एका मुलीने विचारलं, “बाई, ह्याची बायको काय करत असेल?”

४.३० : तालीम. दारुड्याची बायको काय करते, या त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर इथे गाण्यातून येतं आणि खरी अडचण तीच आहे. १९१९ साली बालगंधर्वांनी सुधाकरची बायको सिंधू उभी केली; पदं वि. सी. गुर्जरांची. आजही सूर असे लागतात की तिचं सोसणं सुंदर वाटू लागतं. मारहाण वाईट, हे मुलांना सांगावं लागत नाही. पण मरणाच्या दारातली सिंधू फौजदारापुढे खोटं बोलून नवऱ्याला वाचवते, आणि प्रेक्षक तिला थोर ठरवतात. मुलांसाठी सगळ्यात जोखमीची जागा हीच. दिग्दर्शकांना म्हटलं, प्रवेश कापू नका. पडदा पडल्यावर सिंधूचं काम करणाऱ्या ताईंना मुलांशी बोलू द्या. ते तयार झाले.

रात्री ८ : शेरा लिहिला. पाचवी ते सातवी नको. आठवी पालकांसोबत. नववी-दहावी जरूर, पण संमतीपत्रात मारहाण, बाळाचा मृत्यू आणि आत्महत्या हे शब्द स्पष्ट लिहावेत. समुपदेशक बाई प्रयोगाला हव्यात. आदल्या दिवशी प्रत्येक वर्गात फळ्यावर १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक लिहावा. एखाद्या मुलाच्या घरी हेच रोज घडत असेल. दुसऱ्या दिवशी पहिला तास चर्चेला. तो तास वेळापत्रकात बसत नसेल, तर नववीलाही नेऊ नये.