कॅरव्हॅनची गळती आणि तिचा बंदोबस्त

शारजाच्या समुद्रकाठी १९९५ साली स्थापन झालेल्या हमरिया फ्री झोनमध्ये, जेथे पाऊस वर्षाकाठी मोजकेच दिवस पडतो, कॅरव्हॅनच्या गळतीची चिंता वाहणे कोणास अनाठायी वाटेल. परंतु १६ एप्रिल २०२४ रोजी याच देशात, अल ऐनजवळ, चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाऊस कोसळला, ही गोष्ट नजरेआड करून चालत नाही. शिवाय मूळ अपराधी पाऊस नव्हे, ऊन. दिवसा प्रसरण पावणारा आणि रात्री आकुंचित होणारा पत्रा सांध्यांतील सीलंटला सतत ताणीत राहतो, प्रखर उन्हाने ते कठीण होऊन तडकते, आणि त्या केसाएवढ्या भेगेतून शिरलेले पाणी आतले प्लायवूड मुकाट्याने कुजवीत जाते. भिंतीवर डाग उमटतो तो मात्र बहुधा भलत्याच ठिकाणी.

म्हणून हिवाळी पावसापूर्वी छपरावरील झरोके, खिडक्यांच्या चौकटी व कोपऱ्यांच्या पट्ट्या यांची तपासणी करावी. जुने सीलंट पुरते खरवडून, जागा स्पिरिटने पुसून, चौकटीखाली ब्यूटाइलची पट्टी दाबून बसवावी व कडेने नवे सीलंट भरावे. जुन्यावरच सिलिकॉन फासण्याची सार्वत्रिक चाल ही निव्वळ धूळफेक होय. त्यावर पुढे दुसरे काही धड चिकटतही नाही. अखेरीस नळीने पाणी खालून वर, सावकाश, एकेका सांध्यावर सोडावे व आत एक माणूस बॅटरी घेऊन बसवावा.