सूर्यप्रकाश फुकट, पण वीज?

सूर्य कोणालाही बिल पाठवत नाही. मग घराच्या छपरावर तयार होणारी वीज फुकट म्हणायची का? सातवी-आठवीच्या गणितावर याचे उत्तर काढता येते.

आधी एकके पाहू. सौर संचाची किंमत किलोवॅटवर सांगतात, विजेचे बिल मात्र युनिटवर येते. किलोवॅट ही वीज तयार करण्याची क्षमता. युनिट म्हणजे किलोवॅट-तास, प्रत्यक्ष मिळालेली ऊर्जा. १ किलोवॅटच्या संचाला सुमारे १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. वर्षाच्या सरासरीने तो दिवसाला सुमारे ४ युनिट वीज देतो. उन्हाळ्यात जास्त, पावसाळ्यात बरीच कमी.

आता २ किलोवॅटचा, बॅटरी नसलेला आणि वीज कंपनीच्या जाळ्याला जोडलेला संच घेऊ. समजा, तो १,३०,००० रुपयांना बसला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेत २ किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० रुपये अनुदान ठरले. म्हणजे ६०,००० वजा जाता घरचे ७०,००० रुपये गेले. पॅनेल सुमारे २५ वर्षे चालतात, पण त्यांच्या विजेला घरात वापरण्याजोगे रूप देणारा इन्व्हर्टर सहसा इतका टिकत नाही. तो एकदा बदलण्याचे ३०,००० आणि धुण्या-दुरुस्तीचे २०,००० रुपये धरू. एकूण झाले १,२०,०००.

वीज किती मिळेल? २ × ४ × ३६५ × २५ म्हणजे ७३,००० युनिट. धूळ, बिघाड आणि पॅनेलची उतरती क्षमता लक्षात घेऊन ६०,००० धरू. भागाकार केला की दर येतो युनिटला २ रुपये!

पण इथे थांबून चालणार नाही. ही बहुतेक रक्कम पहिल्याच दिवशी मोजावी लागते. तेच ७०,००० रुपये ७ टक्के व्याजाने ठेवले असते, तर वर्षाला ४,९०० रुपये मिळाले असते. वर्षाच्या सरासरी २,४०० युनिटांवर ही रक्कम वाटली, तर युनिटला आणखी सुमारे २ रुपये पडतात. म्हणजे ढोबळ मानाने खरा खर्च ४ रुपयांच्या आसपास जातो.

आता हा आकडा बिलातल्या दराशी ताडून पाहायचा. पण कोणत्या दराशी? महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो, १०१ ते ३०० चा बराच जास्त. महिन्याला ३०० युनिट वापरणाऱ्या घरी हा संच सुमारे २०० युनिट देईल आणि बिलातून नेमकी वरची, महाग युनिटे जातील. ९० युनिट वापरणाऱ्या घरी मात्र वाचतील ती सगळी स्वस्त युनिटेच. ऊन तेच, पॅनेल तेच, पण फायदा जास्त वापरणाऱ्याच्या पदरात जास्त पडतो. शिवाय एकरकमी पैसे आणि स्वतःचे छप्पर हेही त्याच्याकडेच असण्याचा संभव अधिक. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने काय करावे?

हा हिशोब वर्गात करून पाहण्याजोगा आहे. विद्यार्थ्यांना घरचे बारा महिन्यांचे बिल आणायला सांगा. कोणत्या टप्प्यातली किती युनिटे वाचतील, हे प्रत्येकाने काढावे. मग व्याजाचा दर बदलून पाहावा, अनुदान वगळून पाहावे. उत्तरे घरागणिक वेगळी येतील. ती तशी का आली, यावर वर्गात जरूर चर्चा घ्या.