पदवीनंतरची मुदत

पदवीच्या अखेरच्या वर्षात शिकणारे मूल आपल्या घरी असेल, तर ‘पुढे काय?’ हा प्रश्न जेवताना ताटावर निघालाच असेल. पुष्कळ घरांत उत्तर तयार असते: पुण्याला जाऊन स्पर्धा परीक्षा. सदाशिव पेठेतील अभ्यासिकांत पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत गावोगावचे पदवीधर बसलेले दिसतात. एका खोलीत तिघे-चौघे, दोन वेळा मेसचे जेवण, आणि मध्ये चहा. तो किती वेळा, याचा हिशेब नसतो.

या दिनक्रमात आधी झोप कमी होते. वाचलेले स्मरणात मुरते ते बरेचसे झोपेतच. तेव्हा किमान ७ तासांची झोप अभ्यासातच धरावी. चहा-कॉफीतील कॅफिनचा सुमारे निम्मा अंश ५ तासांनंतरही शरीरात असतो. म्हणून संध्याकाळनंतरचा कप टाळलेला बरा.

याहून अवघड गोष्ट मुदतीची. राज्यसेवा परीक्षेचे दार खुल्या प्रवर्गालाही वयाच्या ३८ व्या वर्षापर्यंत उघडे असते, आणि ही सवलतच अनेकांना अडकवून ठेवते. म्हणून पुण्याला निघण्यापूर्वी, मन शांत असताना, किती प्रयत्न करायचे आणि त्यानंतर कोणती वाट धरायची, हे घरात एकत्र बसून ठरवावे. घरून येणाऱ्या पैशांचा संकोच मुले सहसा बोलून दाखवत नाहीत. तो विषय आपणच काढावा. फोनवर अभ्यासाची चौकशी करण्याआधी जेवणाची करावी. बोलणे तुटक होऊ लागले, भूक-झोप हरपली, तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक आहे, तो रात्रीही चालू असतो, आणि त्यावर पालकांनाही बोलता येते.